सत्तावीस नंबरचा गोल

इंग्लंडमधल्या रीडिंग गावात आमच्या रस्त्यावर भर जानेवारीत हाफपँट घालून फिरणारा एकच माणूस होता, आणि त्याचं वय तेव्हा चौऱ्याऐंशी होतं. क्लेम वॉडली. आमचे शेजारी. दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच, त्यामुळे सकाळी पलीकडे गॅसवरच्या किटलीची शिट्टी झाली की माझी बायको मेधा म्हणायची, "चला, क्लेमकाका उठले." मग आम्हीही उठायचो.

पुण्याच्या कंपनीने मला एका वर्षासाठी म्हणून पाठवलं आणि आम्ही तिथे पाच वर्षं काढली. ऑफिस एम-फोर हायवेच्या कडेला, काम टेस्टिंगचं. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधायच्या, त्यांची नोंद करायची आणि त्या दुरुस्त होईपर्यंत समोरच्याच्या मानगुटीवर बसायचं. लोकांना हे काम कटकटीचं वाटतं. मला मनापासून आवडायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते माझ्या या आवडीपायी झालं.

क्लेमची ओळखही माझ्या चुकीमुळेच झाली. नवीन घरात गेलो त्याच आठवड्यात मी कचऱ्याचा डबा नको त्या दिवशी बाहेर ठेवला. कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं, तिथे वेळापत्रक असतं; एक आठवडा कचरा, एक आठवडा रिसायकलिंग. दारावर थाप पडली. दारात एक उंच, खांद्यांत वाकलेला म्हातारा, गुडघे थंडीने लालबुंद. "राँग बिन, मेट," ते म्हणाले. मी बूट शोधायला लागलो तर म्हणाले, "राहू दे. झालं काम." त्यांनी आमचा डबा आत ढकलून दुसरा बाहेर काढून ठेवलाही होता. पुढे कळलं की दर मंगळवारी संध्याकाळी ते आसपासच्या सहा घरांचे डबे बाहेर काढतात. कारण विचारलं तर म्हणाले, "म्हातारी माणसं आहेत रे, त्यांना झेपत नाही." त्यातली पाच जणं त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान होती.

क्लेम मूळचे मेलबर्नचे. लढाईत ऑस्ट्रेलियाच्या विमानदलातून इंग्लंडला आले, बाँबर विमानात मागच्या बाजूला बंदूक घेऊन बसायचे. लढाई संपल्यावर रीडिंगच्या डोरथीशी लग्न करून इथेच राहिले आणि पुढची सगळी वर्षं कौन्सिलच्या बागा आणि मैदानं सांभाळली. डोरथी आम्ही यायच्या आधीच गेलेली. लढाईबद्दल ते एक अक्षर बोलत नसत. एकदा मी उत्साहाने विचारलं, तर "फार थंडी असायची," एवढंच म्हणाले आणि कोबीच्या रोपांकडे वळले.

फुटबॉलबद्दल मात्र बोलायचे. त्यांचा फुटबॉल म्हणजे आपण टीव्हीवर बघतो तो नव्हे. त्याला ते "तो गोल चेंडूवाला प्रकार" म्हणायचे आणि वर्ल्ड कपच्या महिन्यात घराचे पडदे ओढून घ्यायचे. त्यांचा खेळ ऑस्ट्रेलियाचा; तरुणपणी मेलबर्नच्या एका मोठ्या क्लबकडून ते तो खेळलेही होते. चेंडू लांबट, मैदान क्रिकेटएवढं, एका बाजूला अठरा माणसं. गोलला जाळी नाही, नुसते उभे खांब. चेंडू हाताने फेकायचा नाही, मुठीने ठोसायचा, नाहीतर लाथेने उडवायचा. आणि उंच उडालेला चेंडू कुणी हवेत स्वच्छ झेलला, तर सगळ्यांनी थांबायचं. झेलणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही. त्याने चार पावलं मागे जायचं, नीट बघायचं आणि मगच लाथ मारायची. हे सगळं त्यांनी मला आमच्या डायनिंग टेबलावर मिठाची बाटली आणि चमचे मांडून शिकवलं होतं.

एकदा मेधा वरच्या फळीवरून काहीतरी काढत होती आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी सुटली. कोल्हापूरहून तिच्या आईने तीन पिशव्यांत गुंडाळून पाठवलेली ती बरणी. क्लेम चहासाठी आलेले होते. खुर्चीवरून कधी उठले कळलंही नाही. बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरून ते उभे होते आणि मेधा किंचाळायची ती अर्ध्यात थांबली होती. ती बरणी घ्यायला पुढे झाली तर म्हणाले, "नो, नो. आता मला कुणी हात लावायचा नाही. मी विचार करतोय." चांगलं अर्धं मिनिट विचार केल्याचं नाटक करून त्यांनी बरणी तिच्या हातात दिली. मग बक्षीस म्हणून लोणी लावलेल्या टोस्टवर ते लोणचं घेतलं, डोळ्यांतून पाणी काढत खाल्लं आणि म्हणाले, "रागावलेला मार्मलेड आहे हा." त्यानंतर त्यांच्याकडे एक छोटी बाटली कायमची गेली.

सरळपणाच्या बाबतीत मात्र हा माणूस अवघड होता. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या स्पोर्ट्स डेला मी त्यांना पंच म्हणून नेलं. ते पांढराशुभ्र कोट घालून आले, खिशात शिट्टी. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत मंडळाचे अध्यक्ष पहिले आले. क्लेमनी त्यांना बाद केलं. अध्यक्षांनी लिंबाला अंगठा लावला होता. "अहो, गंमत आहे ही, फॅमिली इव्हेंट आहे," अध्यक्ष मला मराठीत म्हणाले. मी भाषांतर केलं. क्लेम शांतपणे म्हणाले, "गंमत आहे हे मान्य. पण अंगठा होता." मी घरी येईपर्यंत हसत होतो. या माणसाच्या तोंडून कधी खोटं निघेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी पैज लावली असती.

आता मुद्द्यावर येतो. मला ते लिहायला जड जातंय म्हणूनच इतका वेळ लोणच्यात आणि लिंबात घालवला.

ऑक्टोबरमधला एक रविवार. त्यांच्या किचनमध्ये आम्ही दोघंच. मी सहज विचारलं, "मोठ्या क्लबसाठी तुम्ही एकूण मॅच किती खेळलात?"

"लिहिल्यात चार," ते म्हणाले. "खेळलो पाच."

मग त्यांनी सांगितलं. लढाईचं दुसरं वर्ष. ते विमानदलात भरती झालेले, बोट सुटायला आठ दिवस राहिलेले. दलाने सक्त ताकीद दिलेली की बोटीवर चढेपर्यंत फुटबॉल खेळायचा नाही. कुणाचा पाय मोडला तर एक माणूस कमी. क्लेम नुसते मॅच बघायला म्हणून ग्राउंडवर गेले. त्या काळी अठरांशिवाय फक्त एक जादा खेळाडू असायचा, एकोणिसावा. कुणी जखमी झाला तरच तो उतरायचा. त्या दिवशीचा एकोणिसावा होता रॉय. क्लेमचा मित्र, लहानपणापासूनचा. दोन वर्षं दुय्यम संघात घासल्यावर त्याचं नाव पहिल्यांदा लागलं होतं. पण रॉय सैन्यात, आणि त्याची रजा त्याच दुपारी रद्द झाली. क्लबकडे तार आली. पेपरात आणि यादीत नाव रॉयचं छापून गेलेलं. प्रशिक्षकाने स्टँडमध्ये बसलेल्या क्लेमना हाक मारली आणि रॉयची सत्तावीस नंबरची जर्सी अंगावर फेकली. शेवटच्या पावतासात एकाचा खांदा निखळला, क्लेम उतरले, आणि एक गोल केला. मोठ्या मैदानावरचा त्यांचा तेवढा एकच गोल. आधीच्या चार मॅचमध्ये एकही नव्हता.

"सोमवारच्या पेपरात रॉयचं नाव," ते हसत म्हणाले. "मी त्याला पत्र टाकलं, तू गोल केलास म्हणून."

मीही हसलो. आणि मग मी जे प्रश्न विचारायला हवे होते ते सोडून बाकी सगळे विचारले. मॅच कुणाबरोबर होती? पुरावा काय? दुसऱ्या कुणी बघितलं होतं? पुराव्याचं नाव काढल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून एक फोटो काढला. मॅच संपल्यावर कुणीतरी घेतलेला. बाकावर पाठमोरा बसलेला तरुण बुटाचे बंद सोडतोय आणि मान वळवून कॅमेऱ्याकडे बघतोय. पाठीवर ठळक सत्तावीस, आणि चेहरा स्पष्ट क्लेमचा. "फोटो खराब होत चाललाय, स्कॅन करून देतो," असं म्हणून मी तो घेऊन आलो. रॉयचं पुढे काय झालं, हे मी विचारलं नाही.

घरी येऊन बघितलं तर क्लबच्या सगळ्या खेळाडूंची यादी इंटरनेटवर होती. पहिल्या वर्षापासून, मैदानात उतरलेल्या प्रत्येकाचं नाव, मॅच, गोल. वॉडली: चार मॅच, शून्य गोल. रॉय: एक मॅच, एक गोल. मी लगेच वही काढून तारीख घातली. ऑफिसमध्ये मोठा डिफेक्ट सापडला की करतो तसंच. साठ वर्षं एक चूक तिथे पडून होती आणि ती मला सापडली होती.

"तू त्यांना विचारलंस का?" मेधा म्हणाली.

"सरप्राइज आहे गं. फेब्रुवारीत पंच्याऐंशी होतायत."

"अरे, पण त्यांनी स्वतः कधी का नाही दुरुस्त केलं? साठ वर्षं झाली."

"त्यांना ईमेल कुठे येतं पाठवता?" मी म्हणालो. तिने पुढे वाद घातला नाही. घालायला हवा होता असं ती नंतर कधीच म्हणाली नाही, हा तिचा चांगुलपणा.

यादी ठेवणारे मेलबर्नचे एक निवृत्त गृहस्थ होते, हौसेने काम करणारे, माझ्याच जातकुळीचे. तीन महिने आमची ईमेल चालली. मी फोटो पाठवला, मुद्दे क्रमांक घालून लिहिले. त्यांनी जुन्या संघाचे फोटो काढून चेहरा ताडून बघितला. शेवटी त्यांचं उत्तर आलं: पुरावा निर्विवाद आहे, नोंद दुरुस्त केली आहे, अभिनंदन. वॉडली: पाच मॅच, एक गोल. मी ते पान रंगीत छापलं, चांगल्या लाकडी फ्रेममध्ये घातलं, आणि वाढदिवसाच्या दिवशी मेधाने केलेल्या केकबरोबर त्यांच्या हातात ठेवलं.

क्लेमनी चष्मा लावला. बराच वेळ वाचलं. बोट यादीवरून खाली सरकत गेलं, परत वर आलं.

"रॉय कुठाय?"

"त्यांचं नाव काढलं," मी खुशीत म्हणालो. "जे प्रत्यक्ष खेळले त्यांचीच यादी आहे ना."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग अगदी सावकाश, मला दुखवू नये अशा बेताने त्यांनी सांगितलं. रॉय परत आला नाही. सिंगापूर पडलं तेव्हा पकडला गेला आणि कैदेतच, बर्माच्या बाजूला कुठेतरी गेला. क्लेमच्या पत्राला त्याचं एक कार्ड आलं होतं: थँक्स, गोल चांगला झाला ना? आईने पेपरातलं कात्रण कापून ठेवलंय, तिला अजून खरं सांगितलेलं नाही, परत आल्यावर सांगतो. आई ते कात्रण फ्रेम करून तीस वर्षं जगली. आता ती फ्रेम त्याच्या धाकट्या बहिणीकडे होती, बेथकडे. जुन्या खेळाडूंच्या घरच्यांना क्लब दरवर्षी जेवायला बोलावतो. बेथ रॉयच्या नावाचा बिल्ला लावून जाते. ती आता शहात्तर वर्षांची आहे.

"त्याचं कुठे थडगंही नाही," क्लेम म्हणाले. "त्या यादीत होता तो."

मेधा केकची सुरी हातात धरून उभी होती. क्लेमनीच आम्हाला सोडवलं. "फ्रेम फार सुंदर आहे, मेट. थँक यू," ते म्हणाले आणि त्यांनी केक मागितला. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला इतकं लागलं नसतं.

मी लगेच मेलबर्नला लिहिलं, जुनी नोंद परत करता येईल का म्हणून. उत्तर आलं: आपल्या भावना समजतात, परंतु सत्य कळल्यावर ते न कळल्यासारखं करता येत नाही. हे वाक्य मी स्वतः ऑफिसमध्ये शंभर वेळा वापरलेलं होतं.

दोन दिवसांनी क्लेम आमच्याकडे आले आणि म्हणाले, "लॅपटॉप उघड. मी सांगतो ते लिही." त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. माझी स्मरणशक्ती आता भरवशाची राहिलेली नाही. त्या फोटोत मी नाही. मी त्या दिवशी प्रेक्षकांत होतो. मॅच रॉय खेळला आणि गोल त्यानेच केला. म्हातारपणी मोठेपणा मिरवायला मी ही गोष्ट रचली आणि माझ्या तरुण शेजाऱ्याचा गैरसमज करून दिला, याबद्दल क्षमस्व.

"क्लेम, ते तुम्हाला खोटारडे समजतील," मी म्हणालो.

"समजू देत."

"आणि तो गोल? तो तर तुमचा..."

"छाप," ते म्हणाले. छापलेल्या कागदावर त्यांनी सही केली आणि तो मला पोस्टात टाकायला दिला.

ते पत्र माझ्या ऑफिसच्या बॅगेत तीन आठवडे राहिलं. पोस्टाची लाल पेटी आमच्या स्टॉपच्या शेजारीच होती. मी रोज तिच्यासमोर बसची वाट बघत उभा राहायचो. मनात म्हणायचो, खोट्या कागदाला आपण हातभार कसा लावायचा. म्हणायचो, म्हाताऱ्याची अब्रू वाचवतोय मी. आज कबूल करायला हरकत नाही, खरं कारण याहून हलकं होतं. तीन महिने खपून मी एक चूक शोधली होती, सिद्ध केली होती, आणि ती चूक नव्हतीच असं आता माझ्याच हाताने कळवायचं होतं. ते माझ्याच्याने होईना. क्लेम रोज भेटायचे, डबे काढायचे, हात करायचे. पत्राचं काय झालं, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. दिलेलं काम मी केलं असणार, असं ते धरून चालले होते.

त्या तीन आठवड्यांत क्लबने बेथला पत्र पाठवलं. सभ्य भाषेत, खेदपूर्वक. यंदाच्या जेवणाला तिने पाहुणी म्हणून जरूर यावं, असंही त्यात लिहिलं होतं.

शेवट काय झाला तो आधी सांगून टाकतो. पत्र मी पाठवलं, उशिरा का होईना. यादीत रॉय परत आला, एक मॅच, एक गोल. वॉडलींच्या नावापुढे चार आणि शून्य, आणि खाली बारीक अक्षरांत एक टीप: आणखी एका सामन्याचा दावा खेळाडूने स्वतः मागे घेतला. अजूनही आहे ती. मी अधूनमधून उघडून बघतो. त्याच वर्षी आम्ही पुण्याला परतलो आणि पुढच्या हिवाळ्यात क्लेम गेल्याचं समोरच्या घरातल्या बाईंनी कळवलं. मी माफी मागितली होती का? हो, दोनदा. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला. एकदा कोबीवर, एकदा मेधाच्या लोणच्यावर. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

पण क्लेम म्हटलं की मला दिसतो तो त्या तीन आठवड्यांतला एक शनिवार. सकाळचे दहा वाजले असतील. मनाशी पक्कं ठरवून, ते न पाठवलेलं पत्र हातात घेऊन मी त्यांच्याकडे गेलो होतो. सरळ सांगणार होतो की हे मी पाठवणार नाही, माझ्या मनाला पटत नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पॅसेजमध्ये फोन होता आणि फोनपाशी खुर्ची. खुर्ची रिकामी होती. क्लेम भिंतीला एक हात टेकून उभे होते. त्यांची माझ्याकडे पाठ होती. पलीकडे मेलबर्नला रात्र असणार आणि बाईंचा आवाज इतका चढलेला होता की शब्द नाही तरी रडणं मला दारातून ऐकू येत होतं.

"नाही, बेथ. नाही. ऐक माझं," क्लेम म्हणत होते. "त्या लोकांची काहीतरी गडबड झालीये. मी त्यांना लिहिलंय. पत्र पोचेलच एवढ्यात... अगं, मी कसा खेळेन? आम्हाला परवानगीच नव्हती. मी स्टँडमध्ये होतो, डाव्या अंगाला, खालून तिसऱ्या रांगेत."

मी दारातच थांबलो.

"शेवटची पाच-सात मिनिटं राहिली होती. चिखल झाला होता नुसता. कुणालाच चेंडू धरता येईना, सगळे एकमेकांच्या अंगावर पडत होते. आणि त्या गर्दीतून चेंडू बाहेर घरंगळला आणि रॉय तिथे उभा. एकटा. त्याला स्वतःलाच खरं वाटेना. आधी बाजूला बघितलं त्याने, चेंडू कुणाला द्यावा म्हणून. आम्ही स्टँडमधून ओरडलो, मार, मार! मग पळत सुटला. दोनदा घसरला, पडला नाही. कोन वाईट होता, बेथ, मी असतो तर घातला नसता. त्याने घातला. बरोबर मधोमध."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. भिंतीवरचा हात काढून त्यांनी डोळे पुसले, पण आवाजात ते काही येऊ दिलं नाही.

"हसला म्हणजे काय, वेड्यासारखा हसत होता. बुटाचे बंद सुटेनात इतके हात थरथरत होते त्याचे... अगं, मी काय ऐकीव सांगतोय का? मी तिथे होतो, बेथ. मी बघितलंय."